मुळांना पाण्याचा वास येतो का?

नेरूळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या आवारात वीसेक वर्षांचं देशी बदामाचं झाड आहे आणि त्यापासून २२ फुटांवर ड्रेनेजचं चेंबर. दोन वर्षांत तिसऱ्यांदा लाईन तुंबली, तेव्हा प्लंबरने आतून घोड्याच्या शेपटीएवढा मुळांचा झुबका ओढून काढला. त्याचं म्हणणं, "झाडाला पाण्याचा वास येतो, कितीही लांब असलं तरी शोधून काढतं." कमिटीत दोन तट पडलेत. अर्ध्यांना झाडच तोडायचंय, अर्ध्यांना चेंबरच्या बाजूची मुळं छाटून भागेल असं वाटतंय. ताई विचारतात की मुळं खरंच वासावर जातात का, कुठल्या दिशेने वाढायचं हे ती ठरवतात कशी, आणि या बाजूची तोडली तर ती दुसरीकडे वळतील का.

ताई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये झाडं लावायचं, वाचवायचं आणि कधी नाइलाजाने काढायचं काम मी सत्तावीस वर्षं करतोय. पदवी वनस्पतिशास्त्राची आहे, पण मुळांबद्दल जे कळलं ते बहुतेक खड्ड्यात उतरल्यावरच. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्याचं 'तसं नाही'. मधल्याला वेळ लागेल, पण तो देऊ या, कारण तुमच्या चेंबरचं दुखणं तिथेच आहे.

आधी प्लंबरबद्दल. तो खोटं बोलत नाही. त्याने आयुष्यभर जिथे जिथे पाणी गळतं तिथे तिथे मुळं पाहिली आहेत. पण ज्या मुळांना पाणी सापडलं नाही ती त्याला कधी दिसलीच नाहीत, कारण तिथे कोणी खणायला बोलावत नाही. तुमच्या बदामाची मुळं चेंबरकडे गेली तशी गेटकडे, पार्किंगखाली, शेजारच्या कंपाऊंडच्या भिंतीपर्यंतही गेली असणार. तिकडे त्यांच्या हाती काही लागलं नाही, म्हणून तिकडची तक्रार तुमच्या कानावर आली नाही. त्यामुळे झाड पाईपकडे का गेलं हे विचारण्याआधी पाईपमधून इतकी वर्षं बाहेर काय येत होतं, हे विचारायला हवं.

काही गोष्टी जागेवर आल्याशिवाय सांगता येणार नाहीत. लाईन जुन्या स्टोनवेअर (भाजक्या मातीच्या) पाईपची आहे की पीव्हीसीची, ती किती खोल आहे, चेंबर विटांचं आहे का आणि त्याला आतून गिलावा आहे का, तुमचा प्लॉट भरावाचा आहे की टेकडीच्या बाजूचा, झाड आणि चेंबर यांच्यामध्ये पेव्हर ब्लॉक आहेत की माती. यातली एक गोष्ट बदलली तरी खर्चाचा आकडा बदलतो. मुळांचं वागणं मात्र सगळीकडे सारखंच असतं.

मूळ वळायचं ते टोकाशी वळतं. एवढा मोठा बुंधा, एवढा विस्तार, पण दिशेचा सगळा कारभार शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये चालतो. टोकावर शाळेच्या पुस्तकातली मूलटोपी असते. ती मातीत घासून झिजते आणि आतून पुन्हा भरून येते. तिच्या मधल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. पाण्याच्या बाटलीत चार साबुदाणे टाकून बाटली आडवी करा, दाणे ज्या बाजूला बसतील ती खालची बाजू. मुळाला खाली म्हणजे कुठे हे कळतं ते असंच. मूळ आडवं झालं की कण पेशीच्या नव्या तळाशी घरंगळतात, आणि तिथून ऑक्झिन नावाचं संजीवक खालच्या बाजूला जास्त वाहू लागतं. खोडात ऑक्झिनने वाढ जोर धरते, मुळात मात्र जास्त ऑक्झिन झालं की वाढ मंदावते. खालची बाजू मंद, वरची बाजू भराभर लांबते, आणि टोक खाली वळतं. बैलगाडीचा डावा बैल मंदावला की गाडी डावीकडे वळते, त्यातलाच प्रकार.

हे शोधायला माणसांनी काय काय केलंय! १८०६ साली थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतदाराने पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. चाक सतत गरगरत असल्यामुळे बियांना खाली-वर असं काही उरलंच नाही. तर सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब आतल्या बाजूला, मध्याकडे. मुळाला जमिनीचं प्रेम वगैरे नसून त्याला फक्त ओढ जाणवते, हे त्या चाकाने दाखवलं. पुढे १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी टोक कापलेल्या मुळांचे प्रयोग प्रसिद्ध केले. टोक कापलं तरी मूळ वाढत राहतं, पण आडवं ठेवलं तर वळत नाही. टोक पुन्हा तयार झालं की वळतं.

घरात मुलं असतील तर एक करून बघा. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये मोड आलेले चार मूग अडकवा. मूळ बोटाच्या एका पेरएवढं झालं की ग्लास आडवा करून अंधाऱ्या कपाटात ठेवा. संध्याकाळी आडवा केलात तर सकाळी चारही मुळं काटकोनात वळलेली दिसतील. एकाचं टोक ब्लेडने मिलिमीटरभर कापून ठेवलंत तर ते सरळच गेलेलं दिसेल.

पण मूळ म्हणजे खाली, एवढंच धरून बसलं की तुमचं चेंबर समजत नाही. सरळ खाली जायची ओढ मुख्यत्वे पहिल्या मुळाची, सोटमुळाची. त्याला फुटणाऱ्या फांद्या आपापला कोन धरून तिरप्या जातात, आणि त्यांच्या फांद्यांना तर गुरुत्वाकर्षणाचं फारसं सोयरसुतक नसतं. हा कोन जातीजातीत वेगळा असतो आणि तो जनुकांत लिहिलेला असतो. आपल्याकडे पिकणाऱ्या आयआर ६४ या भाताची मुळं उथळ असतात. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दुसऱ्या एका भातातला डीआरओ१ हा जनुक त्यात आणला, तेव्हा त्याच भाताची मुळं खोल गेली आणि दुष्काळात तो टिकला. एका जनुकाने कोन बदलला.

आणि वर जाणारी मुळं पाहायची असतील तर लांब जायला नको. ऐरोलीला खाडीच्या कडेला ओहोटीच्या वेळी उभ्या राहा. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील. खाडीच्या चिखलात हवा नाही, म्हणून ही मुळं गुरुत्वाच्या उलट वाढून श्वास घेतात. शाळेत श्वसनमुळं म्हणून पाठ केलेलं असतं, पण ठाण्याच्या खाडीचा चिखल बुटात शिरल्यावर ते जास्त नीट लक्षात राहतं.

आता पाणी. खाली जायची ओढ हा मुळाचा पाया धरला, तर ओल हा पहिला मोडता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८७२ मध्ये ओल्या भुशाने भरलेली चाळण तिरकी टांगून त्यात बिया पेरल्या. मुळं चाळणीच्या भोकांतून खाली हवेत आली आणि मग सरळ खाली न जाता वळून चाळणीच्या ओल्या तळाला चिकटून वाढू लागली. हे आपल्या स्वयंपाकघरातही घडतं. माझी आई कडव्या वालांना मोड आणायला फडक्याची पुरचुंडी बांधून खुंटीला टांगायची. एकदा ती दोन दिवस विसरली. मुळं फडक्यातून बाहेर आली होती आणि लोंबायच्या ऐवजी ओल्या फडक्याला लगटून पसरली होती. बिरडं त्या दिवशी झालं नाही, पण कॉलेजात जाण्याआधीच माझा एक धडा झाला.

यात लक्ष द्यायची गोष्ट अंतराची आहे. मुळाला ओल 'लांबून' कळत नाही. टोकाच्या एका बाजूची माती दुसऱ्या बाजूपेक्षा ओली आहे का, एवढाच फरक त्याला कळतो, आणि त्या फरकाच्या दिशेने ते वळतं. टोकाच्या जरा मागचा, लांबत असलेला भागही हा फरक ओळखण्यात सामील असतो. मुळा-मोहरीच्या कुळातल्या रोपांमध्ये तर असं दिसलंय की ओलीकडे वळताना मूळ आपल्या टोपीतले ते पिष्टकणच पचवून टाकतं. ओळंबा काढून खिशात ठेवायचा आणि पाण्याकडे चालू लागायचं, असा हा कारभार. पण हे सगळं मुळाच्या अंगाला लागलेल्या मातीत. तुमच्या २२ फुटांचे मिलिमीटर करून पाहा, साडेसहा हजारांच्या वर जातात. तेवढ्यावरून वास येण्याची सोय मुळात नाही.

दुसरा भाग याहून महत्त्वाचा, आणि तो प्रत्यक्ष खणताना डोळ्यांना दिसतो. मूळ ओल्या आणि कोरड्या मातीच्या सीमेवरून जात असेल तर त्याला नव्या फांद्या ओल्या बाजूने फुटतात, कोरड्या बाजूने फुटतच नाहीत. २०१४ मध्ये यावर चांगलं काम प्रसिद्ध झालं, पण आमचे माळी हे आधीपासून सांगत आले आहेत: "साहेब, पाण्याच्या अंगाला दाढी असते." तुमच्या प्लंबरच्या हातात आलेला झुबका ही ती दाढी. एखाद-दोन बारीक मुळं सांध्यापाशी पोचली, तिथे त्यांना पाणी, हवा आणि नत्र तिन्ही मिळालं, आणि मग त्या दोनांची दोन हजार झाली.

मग ती एखाद-दोन तरी २२ फूट कशी आली? उन्हाळ्यात पतंग कटल्यावर गल्लीतली पोरं दहा दिशांनी धावतात, एकाला सापडतो आणि मग बाकीचीही तिकडे वळतात. झाडाचंही तसंच, फक्त इथे कोणी ओरडून बातमी देत नाही. मुळं सगळीकडे जातात. ज्या मुळाला पाणी लागलं ते जोमाने वाढतं, पानांत तयार झालेली साखर जास्त ओढून घेतं, जाड होतं. ज्याला नाही लागलं ते रेंगाळतं किंवा मरतं. काही वर्षांनी वरून बघणाऱ्याला वाटतं की झाडाने नेम धरून मूळ पाठवलं होतं. वीस वर्षांच्या बदामाला २२ फूट म्हणजे काहीच नाही. मोठ्या झाडाची मुळं पर्णसंभाराच्या कडेच्या बरीच पलीकडे गेलेली असतात, आणि बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. मुळांचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर उलटं झाड आणू नका, पसरट ताट आणा.

प्लंबरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात मटारच्या रोपांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बंद पाईपमधून वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजाकडे मुळं वळलेली आढळली. पण त्याच प्रयोगात खरी ओल उपलब्ध होती तेव्हा मुळांनी आवाज सोडून ओल निवडली. कुंडीतल्या मटारवरून सोसायटीच्या बदामाचा निकाल द्यायला मी धजणार नाही. कोरड्या, धड पाईपभोवती मुळं घोटाळताना मला काम करताना अजून दिसलेली नाहीत. सांधा फुटलेला होता तिथेच दिसली.

आणखी एक कारण आहे आणि ते आपणच तयार केलेलं असतं. मूळ जसं ओल शोधतं तसं ते कठीण माती टाळतं. २०२१ मध्ये भातावर आणि एका छोट्या प्रयोगरोपावर झालेल्या संशोधनातून याचं कारण पुढे आलं. मूळ सतत थोडा इथिलीन वायू सोडत असतं. माती भुसभुशीत असली तर तो निघून जातो. माती दाबलेली असली तर तो मुळाभोवतीच कोंडतो आणि मुळाला 'थांब' असा निरोप मिळतो. आता तुमचं आवार आठवा. इमारत बांधताना सगळीकडे मुरूम टाकून रोलर फिरवला, वर पेव्हर ब्लॉक. नंतर ड्रेनेजसाठी चर खणला, पाईप टाकला आणि चर बुजवताना डेब्रिज, वाळू, जे हाताशी होतं ते लोटलं. तिथे रोलर कोणी फिरवत नाही, पाईप फुटेल म्हणून. म्हणजे दगडासारख्या जमिनीतून एक मऊ, हवेशीर, थोडी ओली गल्ली आपण थेट पाईपपर्यंत काढून दिली. मुळं जमीन कापत आलेली नसतात, ती आपल्या चरातून चालत आलेली असतात. असे चर मी बरेच उघडलेत. मूळ आडवंतिडवं येतं, चराला लागतं आणि तिथून पाईपला समांतर धावतं.

नवी मुंबईत याच्या जोडीला जमिनीची गोष्ट येते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर खाडीकाठचे मोठे भाग भराव टाकून उचलले गेले. अशा प्लॉटवर वरचे काही फूट मुरूम आणि खाली खाडीचा काळा गाळ सापडतो. गाळात हवा जवळजवळ नाही आणि बऱ्याच ठिकाणी मीठ आहे. मुळं मिठापासून दूर वळतात हे २०१३ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलंय. बदाम स्वतः समुद्रकाठचा असल्याने त्याला मिठाचं इतकं वावडं नाही, पण हवा त्यालाही लागते. पावसाळ्यात खालचा थर महिनोन्‌महिने पाण्याखाली असतो, तिथे उतरलेली मुळं गुदमरतात, आणि झाड पुन्हा आडवंच पसरतं. तुमचा प्लॉट असा असेल तर त्या झाडाला खाली जायला वाटच नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये हाच बदाम खडकाच्या फटींतून बराच खोल गेलेला दिसतो. झाड एकच आहे, जमीन वेगळी.

इथवरचं थोडक्यात असं: टोकाला खाली कुठे हे कळतं, पण ओल, हवा, मऊपणा आणि मीठ यांनी ती दिशा पावलोपावली बदलते. लांबचा नकाशा झाडाकडे नाही. म्हणून मुळाची दिशा बदलायची तर त्याच्या पुढ्यातली माती बदलावी लागते.

त्यावरून तुमचा शेवटचा प्रश्न. चेंबरच्या बाजूची मुळं छाटली तर ती दुसरीकडे वळतील का? माझी एक चूक सांगतो. कामाला लागून चारेक वर्षं झाली होती. ठाण्यात पाचपाखाडीच्या एका सोसायटीत भिंतीला तडा गेला म्हणून मी एका मोठ्या वर्षावृक्षाची त्या बाजूची मुळं खोडापासून चार फुटांवर कापली. कापलेल्या प्रत्येक टोकाच्या मागून दहा-पंधरा नवी मुळं फुटली. ती कुठे गेली? जिकडे आधीची जात होती तिकडेच, कारण तिकडची माती तशीच मऊ आणि ओली होती. आंब्याची फांदी छाटल्यावर जशी दाट पालवी येते तसंच हे. पण नवी मुळं केसासारखी असतात. झाड धरून ठेवणारी जाड मुळं मी कापून टाकली होती. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या वाऱ्यात ते झाड भिंतीच्या उलट बाजूला, दोन स्कूटरींवर आडवं झालं. रात्री दोनची वेळ होती, खाली कोणी नव्हतं, हे नशीब. तेव्हापासून माझा नियम आहे: खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मूळ तोडायचं नाही, पाचपटीच्या आतही शक्यतो नाही. आणि एकाच बाजूची सगळी तर कधीच नाही.

तुमचं चेंबर २२ फुटांवर आहे म्हणजे तिथली मुळं कापल्याने झाड पडणार नाही, हे खरं. पण सांधा उघडा राहिला तर वर्षभरात झुबका परत येईल. दोन वर्षांत तीनदा तुंबली म्हणता, त्याचा अर्थ हाच आहे की प्रत्येक वेळी मूळ काढलं आणि भोक तसंच ठेवलं. कोणी मोरचूद टाकायला सांगेल, कोणी ॲसिड. आतलं मूळ मरेल, भोक राहील, आणि ॲसिड सांधा आणखी खाईल. नको.

माझ्या हातात असतं तर मी आधी लाईन उघडली असती, झाडाला हात न लावता. आता फेब्रुवारी आहे, बदामाची लाल पानं गळून गेली असतील. मेपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला, कारण कोरड्या जमिनीत गळती लगेच दिसते. जुलैत सगळीच माती ओली, तेव्हा काय शोधणार? मुळांनाही तेच लागू आहे. पावसाळ्यात सगळीकडे सारखी ओल असते, मुळांना खास कुठे वळायचं कारण नसतं. एप्रिल-मेमध्ये आवार कोरडं ठणठणीत आणि फक्त त्या सांध्यापाशी ओल, तेव्हा मुळं तिथे गर्दी करतात.

लाईन सिमेंटच्या सांध्यांची स्टोनवेअर असेल तर तेवढा पट्टा काढून पीव्हीसी टाका, सांधे नीट रबर रिंगचे किंवा सोल्युशनचे. चेंबर विटांचं असेल तर आतून पक्का गिलावा आणि पाईप जिथे भिंतीत शिरतो तिथली फट बंद. माझ्या अनुभवात निम्मी मुळं पाईपच्या सांध्यातून नाही, या फटीतून शिरतात आणि बिल मात्र पाईपचं येतं. चर बुजवताना डेब्रिज नको, माती थराथराने ओली करून धुमसाने दाबा. काम झाल्यावर चेंबरमध्ये रंगाचं पाणी सोडून पुढच्या चेंबरपर्यंत सगळं पोचतं का ते बघा.

मग झाडाला दुसरीकडे काहीतरी द्या. हे लोकांना पटवायला सगळ्यात अवघड जातं. चेंबरच्या उलट बाजूला, फांद्यांच्या टोकांच्या खाली, चार-पाच ठिकाणी पेव्हर काढून तीन-तीन फुटांचे चौकोन उघडे करा. माती एक फूट सैल करा, मोठं मूळ लागलं तर त्याला हात लावू नका, त्याच झाडाचा पाचोळा वर पसरा. मार्च ते मे आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्या, रोज शिंपडू नका. रोजच्या शिंपडण्याने वरची दोन बोटं माती ओली राहते आणि मुळं पेव्हरच्या खाली वर येतात. खोडाभोवती काँक्रीटचा पार असेल तर तोही मोकळा करा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, त्याचं कारण मुळांची हवा हेच होतं.

मुळं अडवायला प्लास्टिकचा जाड पडदा उभा गाडतात. तो मी क्वचितच सुचवतो. मूळ अडथळ्याला लागलं की त्याच्या कडेकडेने सरकतं आणि कड संपली की पुन्हा आपल्या वाटेला लागतं. पडदा तीन फुटांचा असेल आणि खाली मऊ चर असेल तर मुळं खालून जातात. तुमच्या प्लॉटखाली गाळ असेल तर पडदा चालेल, कारण खालून जायला त्यांना हवाच नाही. म्हणून आधी खड्डा घ्या, मग दुकानात जा.

झाड तोडायला निघालेल्या मंडळींना सांगा की महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. जाड मुळं कापायची वेळ आली तरी उद्यान विभागाला आधी लेखी कळवा. शिवाय झाड गेलं तरी फुटका सांधा राहतोच. शेजारच्या प्लॉटमधला पिंपळ किंवा उंबर त्याच चरातून येईल, आणि तो तर तुमच्या अधिकारातलाही नाही.

पुढेमागे नवं झाड लावायचं ठरलं तर चेंबरच्या जवळ बदाम, पिंपळ, वड, उंबर नको. तामण, बहावा चालतील, पण पाईपला हात न लावणारं झाड अशी जात अस्तित्वात नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली असतील तर धारदार सुरीने उभ्या तीन-चार चिरा द्या. नाहीतर पिशवी गेली तरी मुळं तिच्याच आकारात फिरत जाड होतात, आणि दहा वर्षांनी झाड वाऱ्यात फिरकीसारखं उपटून येतं.

लाईन उघडाल त्या दिवशी ताई, शक्य असेल तर स्वतः उभ्या राहा. प्लंबर झुबका तोडून फेकण्याआधी मूळ पाईपमध्ये नेमकं कुठून शिरलंय त्याचा फोटो काढा: सांध्याच्या वरून, खालून की चेंबरच्या भिंतीपाशी. आणि चर बुजवायच्या आधी पाईपच्या तळाखाली हात घालून मूठभर माती बाहेर काढा. मे महिन्यात तिचा लाडू वळला, तर तो फोटो आणि तो लाडू, दोन्ही कमिटीच्या मीटिंगला घेऊन जा.